ऑस्ट्रेलियाच्या ओसाड आउटबॅकमधल्या रोडहाउसवर तीन महिने काम, मुक्काम आपल्याच कॅरॅव्हॅनमध्ये : हो म्हणण्याआधी काय विचारावं?

चाकावरचं_घर
आम्ही दोघं, दोघांकडेही इथला पीआर (कायम राहण्याचा परवाना). डिझेल गाडी, मागे १९ फुटी, दोन आसांची कॅरॅव्हॅन. मेलबर्न ते पोर्ट ऑगस्टा नक्की आहे. पुढे दोन वाटा : सरळ उत्तरेला स्टुअर्ट हायवे, नाहीतर सेडूनावरून पश्चिमेला नलारबोरचं वैराण माळ. एप्रिल ते ऑगस्टमधले तीन महिने एकाच रोडहाउसवर काम करायचा विचार आहे.

ज्यांना रोडहाउस ठाऊक नाही त्यांच्यासाठी : पेट्रोलपंप, खानावळ, बार, थोड्या खोल्यांचं मॉटेल आणि कॅरॅव्हॅन पार्क, सगळं एकाच मालकाचं. पुढचा पंप शे-दोनशे किलोमीटरवर. जाहिराती बहुतेक 'जोडपं हवं, कॅरॅव्हॅनची जागा मोफत' अशा असतात. फोनवर सगळेच गोड बोलतात. हो म्हणण्याआधी नेमकं काय विचारायचं आणि कुठली वाट धरायची?

डिझेलदास
पगाराच्या आधी वीज विचारा. स्टाफच्या जागेवरचा सॉकेट १५ अँपिअरचा आहे की १०चा? कॅरॅव्हॅनचा प्लग १५चा असतो, त्याची अर्थिंगची पट्टी रुंद असते, १०च्या सॉकेटमध्ये जात नाही. ती पट्टी कानशीने घासून बसवणारे महाभाग सगळीकडे भेटतात. ते बेकायदा आहे आणि वायर तापून आग लागायची तयारी आहे. १०चाच सॉकेट असेल तर स्वतःचा ब्रेकर असलेलं १५-ते-१० अडॅप्टर घ्या आणि २४०० वॅटमध्ये संसार बसवा. छतावरचा एसी ६-७ अँपिअर खातो, किटली एकटीच १०. म्हणजे चहाच्या वेळी एसी बंद.

दुसरं, बहुतेक ठिकाणी वीज जनरेटरची. दोन-तीन जनरेटर असतात, सर्व्हिसिंगच्या वेळी एकावरून दुसऱ्यावर जाताना वीज जाते-येते. व्होल्टेजही डुलतं. नियमात २३० व्होल्ट, खाली २१६ पर्यंत चालतं. त्याखाली एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना कण्हतो आणि शेवटी जळतो. सॉकेटमध्ये खोचायचा छोटा व्होल्टमीटर जवळ ठेवा. संध्याकाळी सात वाजता, स्वयंपाकघरातले फ्रायर आणि मॉटेलचे सगळे एसी चालू असताना आकडा बघा. सकाळच्या आकड्याला अर्थ नाही.

एक्स्टेन्शन लांब लागणार असेल तर २.५ चौरस मिमीची वायर, आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली. गुंडाळीत ठेवून एसी चालवलात तर आतलं प्लॅस्टिक वितळून तिचा लाडू होतो.

आणि हो, तुमची जागा जनरेटरपासून किती दूर आणि वाऱ्याच्या कुठल्या बाजूला, हेही विचारा. स्टाफला उरलेली जागा मिळते, आणि उरलेली जागा का उरलेली असते ते पहिल्या रात्री कळतं.

तिरकस
वाटीभर साखर मागायला शेजारी जायचं तर आधी टाकी फुल करावी लागणार. चालू द्या.

पाणक्या
डिझेलदास, विजेइतकंच पाणी महत्त्वाचं. स्टाफच्या नळाला बोअरचं पाणी येतं की साठवलेलं पावसाचं की आरओचं, हे स्पष्ट विचारा. 'पाणी आहे' या उत्तराला काही किंमत नाही.

बोअरचं पाणी कॅरॅव्हॅनच्या पिण्याच्या टाकीत कधीही भरू नका. क्षार टाकीत, पंपात, नळात बसतात. पार्कवाले कार्बनचे फिल्टर विकतात, त्याने वास आणि गाळ जातो, विरघळलेलं मीठ जात नाही. त्याला आरओच लागतो. सोपी पद्धत अशी : अंघोळ-भांडी बोअरच्या नळीवर, आणि पिण्या-स्वयंपाकासाठी २० लिटरचे दोन वेगळे कॅन. नळी जोडताना ३५० किलोपास्कलचा प्रेशर रेग्युलेटर लावा, रोडहाउसच्या पंपाचा दाब मध्येच उसळतो आणि कपाटामागचा सांधा सुटतो.

गरम पाण्याच्या टाकीत अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः गंजणारी कांडी) असेल तर एरवी वर्षभर टिकणारी ती कांडी खाऱ्या पाण्यात काही महिन्यांत खलास होते. एक जादा ठेवा, सहा आठवड्यांनी उघडून बघा. नुसती तार उरली असेल तर यापुढे टाकीच गंजणार. कांडी काढण्याआधी वीज-गॅस बंद, पाणी गार, दाब सोडलेला. या क्रमात चूक केली तर तोंड भाजतं.

नलारबोरबद्दल : नावात नल आहे, नळाला गोडं पाणी नाही. तिथलं भूजल खारट, रोडहाउसवाले ते स्वतःपुरतं गोडं करतात. प्रवाशांना टाकी भरून देत नाहीत, त्यात त्यांचा कंजूषपणा नाही.

गोडा_मसाला
@पाणक्या, यात स्वयंपाकाची भर. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. चार शिट्ट्या झाल्या तरी दाणे टणक, हरभरा-राजमा तर विसराच. कॅल्शियममुळे साल आणि पेशी मऊ होत नाहीत. डाळीला कॅनमधलं पाणी वापरा, नाहीतर भिजवताना चिमूटभर खायचा सोडा. चहाही बोअरच्या पाण्यात मचूळ होतो.

इंडक्शन शेगडी नेणार असाल तर वरचा १० अँपिअरचा हिशेब वाचा. गॅसच बरा. ९ किलोचं सिलिंडर रोडहाउसवर बहुधा बदलून मिळतं, भरून मिळत नाही, आणि भाव शहरापेक्षा चढा. नुसत्या स्वयंपाकाला दोघांना ते महिन्याहून जास्त पुरतं. थ्री-वे फ्रिज (वीज, बॅटरी, गॅस तिन्हींवर चालणारा) गॅसवर चालवलात तर तीन-चार आठवड्यांत संपतं.

भाजीचा ट्रक बहुतेक ठिकाणी आठवड्याला एकदा. स्वयंपाकघराच्या मागणीतच आपली कोथिंबीर-मिरची घालता येते का विचारा, बरेच मालक घाऊक भावात देतात. मधल्या दिवसांना मोड आलेले मूग. पश्चिमेकडे जाताना राज्याच्या हद्दीवरच्या बॉर्डर व्हिलेजच्या नाक्यावर ताजी फळं, भाज्या, मध, बिया काढून घेतात. पूर्वेकडे येताना हाच तमाशा सेडूनाला. मसाल्यांसकट सगळं आधीच सांगून टाका, लपवलेलं सापडलं तर दंड.

हिशेबनीस
पगार. जिथे सगळे गडबडतात ते इथे.

१. 'जोडपं हवं' म्हणजे एक पगार दोघांत नव्हे. दोघांचे करार, पेस्लिप आणि तास वेगवेगळे.

२. कन्सोलवरच्या (पंपाच्या गल्ल्यावरच्या) माणसाला 'व्हेइकल रिपेअर, सर्व्हिसेस अँड रिटेल अवॉर्ड' लागू होतो (अवॉर्ड म्हणजे त्या धंद्यासाठी ठरलेले किमान पगार आणि अटी), बार-मॉटेलच्या कामाला हॉस्पिटॅलिटीचा. तुम्ही सकाळी पंप आणि संध्याकाळी बार करणार असाल तर कुठला अवॉर्ड, कुठली पातळी हे लिहून घ्या. १ जुलै २०२५ पासून देशाचं किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं, कॅज्युअलला (कायम नसलेल्या कामगाराला) त्यावर २५ टक्के. अवॉर्डचे दर याच्या खाली नसतात, शनिवार-रविवार आणि सार्वजनिक सुट्टीचे वेगळे.

३. सुपर (निवृत्तीसाठी मालकाने भरायचा निधी) १२ टक्के, पगाराच्या वर. 'ताशी इतके, सुपर धरून' असं कोणी म्हणालं तर कागदावर आकडा मागा.

४. जेवण-मुक्कामाची कपात तुमच्या लेखी संमतीशिवाय किंवा अवॉर्डमधल्या मुभेशिवाय होत नाही. 'जागा मोफत' असं जाहिरातीत आणि 'आठवड्याला इतके कापू' असं करारात, हे फार दिसतं.

५. किमान तास. सर्वांत महत्त्वाचं. २००० किलोमीटर गाडी ओढून गेल्यावर आठवड्याला १८ तास मिळाले तर डिझेलचेही पैसे निघत नाहीत. कॅरॅव्हॅन ओढताना १०० किलोमीटरला १८ ते २२ लिटर धरा, समोरून वारा असेल तर २५ च्या वर.

उनाड_आजोबा
हिशेबनीस, तुमचं कायद्याने बरोबर आहे. पण निवृत्त मंडळींचा व्यवहार निराळा असतो. आठवड्याला १२-१५ तास बागेला पाणी, कचरा, स्वच्छतागृहं, आणि बदल्यात वीजपाण्यासकट जागा. पगार नको, पेन्शनच्या हिशेबात उत्पन्न नको. इथले 'ग्रे नोमॅड' वर्षानुवर्षं असंच करतात आणि दोन्ही बाजू खूश असतात.

हिशेबनीस
आजोबा, खूश असतात तोवर असतात. मालकाच्या धंद्याला उपयोगी, ठरलेल्या वेळेचं काम म्हणजे नोकरीच, मोबदला जागेच्या रूपात दिला तरी. शिडीवरून पडून पाय मोडला तर वर्कर्स कॉम्प (कामावरच्या दुखापतीची भरपाई) कोण देणार, हा खरा प्रश्न. पंधरा तासांचे अवॉर्डप्रमाणे पैसे काढा आणि वीज असलेल्या जागेचं आठवड्याचं भाडं शेजारी लिहून बघा, कोण कोणाला मोफत देतंय ते दिसेल.

उनाड_आजोबा
पाय मोडण्याचा मुद्दा मान्य. भाड्याचा नाही. सगळंच ताशी दराने मोजायचं तर मेलबर्नमध्येच राहावं की.

नाशिकचा_भाचा
मधे पडतो. भारतातून थेट असं काम करायला येता येतं का? वय २७, पदवी आहे.

हिशेबनीस
@नाशिकचा_भाचा : वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२. २०२४ पासून भारतीयांना खुला, वर्षाला १००० जागा, वय १८ ते ३०, आधी २५ डॉलर भरून सोडत. नाव लागलं तर पुढचा अर्ज, त्यात शिक्षण, इंग्रजी आणि खर्चाला सुमारे ५००० डॉलर दाखवावे लागतात. दुसऱ्या वर्षाच्या व्हिसासाठी लागणाऱ्या तीन महिन्यांच्या कामात दुर्गम भागातलं पर्यटन-आतिथ्य धरतात. मात्र त्या जागेचा पोस्टकोड यादीत आहे का ते आधी तपासा, आणि प्रत्येक पेस्लिप जपा. देश सोडताना सुपर परत मिळतं, पण या व्हिसावाल्यांचा त्यावरचा कर ६५ टक्के. म्हणजे ते पैसे हिशेबात धरूच नका.

याच निमित्ताने : भेटीला आलेल्या आईबाबांना व्हिजिटर व्हिसावर 'जरा हात लावा' म्हणून खोल्या आवरायला लावू नका. जेवण-मुक्कामाच्या बदल्यात केलेलं कामही कामच धरलं जातं.

तिरकस
आईबाबांना न सांगताही त्या खोल्या आवरतील. आधीच्या माणसाने नीट केल्या नव्हत्या म्हणून.

पंपावरचा_गोविंद
कामाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून. कन्सोल म्हणजे नुसतं गल्ल्यावर बसणं नाही.

सकाळी पहिलं काम डिप घेणं. भूमिगत टाकीत मापाची काठी सोडायची, टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावायची. पेस्टचा रंग बदलला तर तळाशी पाणी आहे, पंप बंद आणि मालकाला फोन. कालचा साठा अधिक आलेला टँकर वजा विक्री, हा आकडा काठीच्या आकड्याशी जुळला पाहिजे. थोडा फरक तापमानाने येतो. रोज एकाच दिशेने फरक येत असेल तर गळती, चोरी किंवा पंपाचं मीटर बिघडलेलं.

ट्रकसाठी हाय-फ्लो डिझेलचा वेगळा नोझल असतो, जाड आणि वेगवान. कॅरॅव्हॅनवाले रांग नको म्हणून तिथे जातात. मग एकतर तो गाडीच्या टाकीच्या तोंडात बसत नाही, नाहीतर फेस येऊन डिझेल अंगावर. त्यांना माइकवरून वेळीच थांबवणं हे कन्सोलवाल्याचं काम. जेरीकॅन नेहमी जमिनीवर ठेवून भरायला लावा, गाडीच्या मागच्या ट्रेमध्ये ठेवून नाही. स्थिर विजेची ठिणगी पडते. अंधार पडल्यावर बऱ्याच ठिकाणी आधी पैसे, मग पंप चालू.

मध्य ऑस्ट्रेलियात साध्या ९१ ऑक्टेनच्या जागी कमी अ‍ॅरोमॅटिक पेट्रोल मिळतं, ओपल म्हणतात त्याला. पेट्रोल हुंगण्याचं व्यसन रोखण्यासाठी ते २००५ मध्ये आणलं गेलं. '९१ का नाही?' असं दिवसातून वीसदा विचारतात, उत्तर पाठ करून ठेवा : ९१ वर चालणाऱ्या गाडीला ते चालतं.

बारवर उभं राहायचं तर आरएसए (जबाबदारीने दारू वाढण्याचं) प्रमाणपत्र, ज्या राज्यात काम त्या राज्यात चालणारं. नॉर्दर्न टेरिटरीत दारू बांधून देताना ओळखपत्र स्कॅन करावं लागतं, बंदी असलेल्यांची यादी असते. तिथे ओळखीपाळखीवर सूट देऊ नका, परवाना मालकाचा जातो आणि नोकरी तुमची.

कढईतली_भजी
स्वयंपाकघरात कोण उभं राहणार आहे त्याच्यासाठी : गरम पदार्थ बेन-मारीत (पदार्थ गरम ठेवायच्या ट्रेमध्ये) ६० अंशांच्या वर, थंड ५ च्या खाली. मधल्या पट्ट्यात एकूण दोन तासांच्या आत असेल तर पुन्हा फ्रिजमध्ये चालतं, दोन ते चार तास झाले तर तेव्हाच खपवायचं, चारनंतर फेकायचं. बस येऊन गेली की हे सगळे विसरतात, आणि तपासनीस नेमका त्याच दिवशी येतो.

फ्रायरचं तेल रोज रात्री गाळायचं, थंड झाल्यावर. फेस येऊन धूर लवकर निघायला लागला की बदलायचं. आग लागली तर गॅस बंद, झाकण किंवा फायर ब्लँकेट. पाणी अजिबात नाही.

मॉटेलच्या खोल्यांत काचेवर आणि नळांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, साबणाने जात नाहीत. पातळ केलेलं व्हिनेगर, पाच मिनिटं, मग पुसा. नव्या माणसाला एक खोली २५-३० मिनिटांत जमली तरी खूप. 'तासाला चार' सांगणाऱ्या मालकाला 'आधी तुम्ही करून दाखवा' असं मनात म्हणा.

डिझेलदास
तीन महिने कॅरॅव्हॅन एका जागी उभी राहणार, त्याबद्दल राहिलं.

हँडब्रेक ओढून ठेवू नका. ब्रेकचे शू ड्रमला गंजून चिकटतात, निघताना चाक फिरतच नाही. चाकांना लाकडी ओंडके लावा आणि ब्रेक सोडा. टायरना पांढरी आवरणं घाला, महिन्यातून एकदा चाकं थोडी फिरवून टेकायची जागा बदला. निघताना हवा थंड टायरमध्ये मोजा. बेअरिंगचं ग्रीस १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी होईल ते. ते काम पोर्ट ऑगस्टाच्या अलीकडेच उरका.

भिंगुरट्या गॅसच्या बर्नरच्या नळीत आणि फ्रिजच्या जाळीत मातीची घरं करतात. ज्योत पिवळी पडली की आधी तिथे बघा, मग मेकॅनिक शोधा. मेकॅनिक ३०० किलोमीटरवर असतो.

कॅरॅव्हॅन कुठल्या तोंडाने लावायची? आपल्या डोक्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. तिथे तो उत्तरेकडे कलतो. म्हणून फ्रिजच्या जाळीची बाजू दक्षिणेला, सोलर उत्तरेला तिरपं. थ्री-वे फ्रिज असेल तर जागा समतल हवीच, आणि ३५ अंशांपुढे तो हात टेकतो. कॉम्प्रेसरवाला असेल तर प्रश्न नाही.

सदा_उशीरा
घड्याळाचं कोणी सांगितलं का? युक्ला ते कायगुना या पट्ट्यात स्वतःची वेळ चालते, पर्थपेक्षा पाऊण तास पुढे, भारतापेक्षा सव्वातीन तास. हिवाळ्यात दक्षिण ऑस्ट्रेलियाहून येताना हद्दीवर पाऊण तास मागे, कायगुनानंतर आणखी पाऊण तास मागे. फोन मात्र पर्थची वेळ दाखवतो. शिफ्ट भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे असते, म्हणजे फोनवर गजर लावणारा रोज पाऊण तास उशिरा.

तिरकस
सदा_उशीरा या नावाने हा प्रतिसाद यावा, वा.

कुत्र्यांची_आई
कुत्रा सोबत असेल तर विचारून घ्या, बरेच रोडहाउस स्टाफचा कुत्रा चालवून घेत नाहीत. आणि आजूबाजूच्या रानात रानकुत्र्यांसाठी १०८० हे विष टाकलेलं मांस असतं. त्यावर उतारा नाही. मोकळं सोडू नका, फिरवताना मुसकी.

लांबपल्ला
अवांतर. रस्त्यावर यूएचएफ रेडिओ असू द्या, ट्रकवाले चॅनल ४० वर, कॅरॅव्हॅनवाले १८ वर, आणीबाणीला ५. रोडट्रेन (मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक) ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. ती मागून ओलांडायला लागली की तुम्ही वेग वाढवू नका, कडेच्या खडीवरही उतरू नका. सरळ रेषेत राहा, ती बाहेर आली की पाय थोडा सैल करा. तिच्या वाऱ्याने कॅरॅव्हॅन आधी ढकलली जाते, मग ओढली जाते. गाडीच्या जोडणीच्या बॉलवरचं वजन कॅरॅव्हॅनच्या दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर निभावतं, मागच्या कपाटात डाळ-तांदळाची पोती भरली असतील तर शेपूट हलायला लागतं.

संध्याकाळनंतर गाडी नको. कांगारू.

चाकावरचं_घर
सगळ्यांना दंडवत. यादी झाली. पण वाट कुठली ते कोणीच सांगितलं नाही.

डिझेलदास
स्टुअर्ट. मे ते सप्टेंबर उत्तरेचा कोरडा हंगाम, सगळी कॅरॅव्हॅन-जनता तिकडेच जाते, म्हणजे तास मिळतात. एर्लडंडासारख्या ठिकाणी उलुरूचा फाटा असल्याने वर्दळ जास्त. जुलैच्या रात्री पाणी गोठतं, नळी रात्री सोडवून रिकामी करून ठेवा. ग्लेंडॅम्बो ते कूबर पेडी सुमारे २५० किलोमीटर डिझेल नाही, तेवढं सांभाळा.

पाणक्या
मी उलट म्हणेन. नलारबोरच्या वाटेवर, म्हणजे एअर हायवेवर, पूर्व-पश्चिम वाहतूक बारा महिने असते, कामाला हंगामाचं बंधन कमी. थंडीत देवमासे बघायला हेड ऑफ बाइटला गर्दी असते, ती नलारबोर रोडहाउसजवळच. पाण्याचा त्रास आहे, पण वर सांगितलेले दोन कॅन असले की तो सुटतो. बॅलाडोनिया-नॉर्समन १९१ किलोमीटर, ९० च्या वेगाने ४० लिटरच्या आसपास लागेल. समोरचा पश्चिमेचा वारा धरून ५५ ठेवा.

हिशेबनीस
दोन्ही वाटांवर दोन-दोन ठिकाणी एकच ईमेल पाठवा. किमान तास, अवॉर्ड, जागेची कपात, सॉकेट किती अँपिअरचा, पाणी कुठलं. जो पाचही प्रश्नांची लेखी उत्तरं देईल तिकडे जा, मग तो उत्तरेला असो की पश्चिमेला. 'या तर खरं, बघू' असं म्हणणाऱ्याकडे नको.

उनाड_आजोबा
यावर मात्र माझं आणि हिशेबनीसांचं एकमत. सहावा प्रश्न घाला : कॅसेट टॉयलेट (कॅरॅव्हॅनमधलं, मैल्याची टाकी बाहेर काढता येणारं) कुठे रिकामं करायचं? सेप्टिक टँक असेल तर फॉर्मल्डिहाइडवालं रसायन चालत नाही, त्यातले जिवाणू मरतात आणि अख्खं रोडहाउस तुंबतं. मग तो टँक उपसायचं काम कोणाला देतील?

तिरकस
जोडप्याला.